मदत हवी आहे: गाडी वर्षाला दोन-अडीच हजारच चालते, इंजिन ऑइल कधी बदलायचं?

नमस्कार मंडळी,

वॅगनआर, पेट्रोल, २०१९ ची. मी पुण्यात, गाडी गुहागर तालुक्यात बाबांकडे. बाजार, बँक, दवाखाना एवढाच वापर, तोही एका वेळी तीन-चार किलोमीटरचा. मे महिन्यात आणि गणपतीत आम्ही गेलो की जरा पळते. एरवी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी, समुद्र हाकेच्या अंतरावर.

मॅन्युअल म्हणतं १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. बाबा म्हणतात, "डब्यातलं ऑइल वर्षानुवर्षं टिकतं, मग इंजिनात दोन हजारांत कसं बाद होईल? चांगलं ऑइल ओतून द्यायला जीव होत नाही." या वादात दीड वर्ष गेलं. चिपळूणचे मेकॅनिक तर कोकणात सहा महिन्यांनीच बदला म्हणतात.

परवा बाबांनी व्हिडिओ कॉलवर ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून पिवळट पांढरी, सायीसारखी चिकट मलई! डिपस्टिकवर मात्र ऑइल साधं काळपट, पातळी दोन खुणांच्या मध्ये, कूलंटही कमी झालेलं नाही. ही मलई कसली? घाबरण्यासारखं आहे का? आणि बाबा रोज सकाळी शेडमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, त्याचा फायदा होतो का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा, बाबांना दाखवायचं आहे.

— सुरंगी

प्रतिसाद: कुडाळचा मेकॅनिक

ताई, ती मलई म्हणजे ऑइलात मिसळलेलं पाणी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते आणि त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते, गार राहिलं तर आतच पाणी होऊन बसते. झाकण सगळ्यात गार, म्हणून तिथे आधी दिसते. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, तेही थोडं ऑइलात उतरून ते पातळ करतं. या सगळ्यातून आम्ल तयार होतं आणि ते मारण्यात ऑइलातली ऍडिटिव्ह खर्ची पडतात. बंद डब्यातल्या ऑइलच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, हे काकांना जरूर सांगा.

काट्यावर तापमान आलं म्हणजे कूलंट तापलं. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं, तीन किलोमीटरात तापतच नाही. म्हणून शेडमधलं चालू ठेवणं बंद करा. त्यात ऑइल पुरतं तापत नाही, पेट्रोल मात्र उतरत राहतं, शिवाय टायर, ब्रेक, गिअर जागचे हलत नाहीत. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी शृंगारतळीपर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालली की मलई बहुतेक जाईल. डिपस्टिकवर मलई दिसली, कूलंट कमी होऊ लागलं किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे कूलंटला ऑइलपासून वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील, गेल्याची शंका घ्या आणि गाडी सुरू करू नका.

चिपळूणवाल्यांचं चूक नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये जवळच्या फेऱ्यांसाठी वेगळं, कमी मुदतीचं कोष्टक असतं, तुमचं बघून घ्या. माझ्या मते अधूनमधून लांब चालवणार असाल तर वर्षाला एकदा पुरे, नाहीतर सहा महिन्यांनी. एरवी बदलायची वेळ दसऱ्याच्या सुमारास धरा, म्हणजे पावसाळ्यात गाडी उभी राहून साचलेलं सगळं निघून जाईल. पण दीड वर्ष झालंय, तर यंदा दसऱ्याची वाट बघू नका. चिपळूणला पोचेपर्यंत ऑइल छान तापलेलं असेल, तसंच गरम काढायला लावा, गाळ सोबत निघतो. फिल्टर आणि चेंबरच्या बोल्टचा वॉशरही नवा घाला.

प्रतिसाद: देवगडकर

एक भर. गाडी वर उचलली की चेंबरचा पत्रा खालून बघा. खाऱ्या हवेत तो गंजतो. आमचा बोल्टच्या कडेने पाझरायला लागला होता.

सुरंगी

मनापासून आभार! दोन्ही प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. येत्या शनिवारी चिपळूण ठरलं. बाबा जुनं ऑइल कॅनमध्ये परत मागणार आहेत, गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी लावायला. चालेल ना?

कुडाळचा मेकॅनिक

नको. जळलेलं ऑइल कातडीला वाईट, आणि जांभ्यातून झिरपून विहिरीत गेलं तर पाणी वापरता येणार नाही. गॅरेजमध्येच राहू दे, तिथून ते गोळा करणारे नेतात.