घरची टॉफी: ठाणे आणि नवी मुंबईतील घरांचे अनुभव

साखर किंवा गूळ आटवून केलेली टॉफी आपल्या घरात कोणाकडून आली, आणि पाक झाला हे कसे ओळखत, ते सविस्तर लिहावे.

नौपाडा. आमच्या आजीने ही कृती चाळीतल्या शेजारीण ख्रिस्ती काकूंकडून घेतली. साखर आणि घरचे सायीचे लोणी जवळजवळ समभाग. मिश्रण बदामी झाले की त्याचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात सोडायचा आणि गार झालेला खडा ताटलीवर आपटून पाहायचा. टण्ण असा आवाज आला तरच पातेले उतरायचे, नाहीतर दाराशी ताटकळलेल्या आम्हा मुलांना आणखी थांबावे लागे.

तलावपाळी. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे भागातले मूळचे ख्रिस्ती. नाताळात आमच्याकडे दूध, साखर आणि काजूची पूड आटवून मिल्क क्रीम करतात व साच्यात घालतात. ती मऊ असते, टॉफी नव्हे; पण त्याच पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरवड आम्हा भावंडांना टॉफीहून प्रिय होती.

वाशी. आई कोकणातली, त्यामुळे लोणी नाही. चिक्कीचा गूळ, आल्याचा रस आणि शेवटी चिमूटभर सोडा. गुळातल्या आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, म्हणून वडी दाताला चिकटत नाही, कुरकुरीत तुटते. हीच खरी आपली टॉफी, असे माझे ठाम मत आहे.

ऐरोली. पावसाळ्यात करू नये. खाडीकाठच्या दमट हवेत ती तासाभरात पाझरते.

नेरूळ. नौपाड्याच्या आजींची परीक्षा शास्त्राला धरून आहे. पाक सुमारे १४६ ते १५४ अंश सेल्सिअसपर्यंत चढला की त्यात पाणी जेमतेम एक टक्का उरते, आणि म्हणूनच खडा वाजतो; ११५ अंशांच्या आसपास उतरवला तर मऊ गोळीच होते. लिंबाचे चार थेंब घातल्यास काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन पाक रवाळ होण्याचे टळते.

पाचपाखाडी. सासूबाईंना लिंबू मान्य नव्हते. पातेल्याच्या कडांना चिकटलेले साखरेचे दाणे त्या ओल्या फडक्याने खाली लोटत, आणि तेवढ्याने काम भागे. नौपाड्याच्या आजी लोण्यात मीठ घालत असत का, तेही कृपया कळवावे.