युंगफ्राऊयोखची धावती सहल आणि आलेच हिमनदीचा वारसा: आपण नेमके काय पाहून येतो?

हिमरेषा:
महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या बहुतेक समूह-सहलींच्या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊयोख किंवा टिटलिस यांपैकी एक ठिकाण असतेच. ३४५४ मीटर उंचीवरचे युंगफ्राऊयोखचे रेल्वे स्थानक हे युंगफ्राऊ-आलेच या जागतिक वारसास्थळाच्या उंबऱ्यावर उभे आहे. युनेस्कोने २००१ मध्ये हा प्रदेश आपल्या यादीत घेतला आणि २००७ च्या विस्तारानंतर त्याचे क्षेत्रफळ ८२४ चौरस किलोमीटर झाले. आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी हिमनदी, म्हणजे आलेच, हा या वारशाचा गाभा आहे. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या सहली ज्या पद्धतीने तिथे जातात, त्या पद्धतीत हा गाभाच पाहायचा राहून जातो, आणि म्हणून दोन तासांची ही धावती भेट सहलींनी बंद करावी.

गेल्या जूनमध्ये मी आईबाबांना घेऊन अशाच एका सहलीतून गेले होते. वर आमच्या वाट्याला दोन तास आले. त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला, मग बर्फात कोरलेल्या दालनांमधून गर्दीबरोबर पुढे सरकणे झाले. विरळ हवेने बाबांना मळमळू लागले आणि ते एका बाकावर बसून राहिले. ढग फाटून खाली हिमनदीचा पट्टा दिसू लागला, नेमक्या त्याच वेळी परतीच्या गाडीसाठी आम्हाला बोलावणे आले. या तिकिटाला इंटरलाकेनहून माणशी दोनशे फ्रँकांहून अधिक रक्कम पडते, हेही लक्षात घ्यावे.

सहल संपल्यावर आम्ही दोन दिवस मागे राहिलो आणि डोंगराच्या दक्षिण बाजूला, वालिस प्रांतातील रीडरआल्प या गावी गेलो. मोरेलहून रोपवेने वर जायचे. गावात मोटारी नाहीत. तिथून जवळच असलेले आलेच अरण्य १९३३ पासून संरक्षित आहे. आरोला पाइनची जुनी, वळलेली झाडे, खाली ब्लूबेरीची झुडपे आणि झाडांच्या फटींतून दिसणारी हिमनदी, असे ते दृश्य आहे. तिथला नटक्रॅकर पक्षी या पाइनच्या बिया हिवाळ्यासाठी मातीत पुरून ठेवतो आणि ज्या त्याच्याकडून खायच्या राहतात त्यांतून नवी झाडे उगवतात. अरण्याच्या खाली, हिमनदीच्या कडेने, उतारावर एक फिकट उघडा पट्टा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ त्या पट्ट्याच्या वरच्या रेषेपर्यंत होता. बाबा त्या रेषेकडे बोट करून आईला म्हणाले, "म्हणजे आपण जिथे झाडे पाहतोय, त्याच्या पायथ्याशी बर्फ होता." त्या एका वाक्यात मला जे समजले, ते वरच्या दोन तासांत समजले नव्हते.

निवृत्त_अभियंता:
हिमरेषाताई, तुमचा अनुभव मनापासून लिहिलेला आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. मी ७१ वर्षांचा आहे, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, आणि पत्नीला दम्याचा त्रास आहे. सोबतीला माणसे, जेवणाची सोय आणि भाषा जाणणारा मार्गदर्शक असल्याशिवाय आम्ही परदेशात पाऊल ठेवू शकलो नसतो. जी भेट तुम्हाला धावती वाटते, ती आमच्यासारख्यांना मिळू शकणारी एकमेव भेट असते.

दुसरा मुद्दा रेल्वेचा. अडॉल्फ गायर-त्सेलर या उद्योजकाने कल्पिलेल्या या मार्गाचे काम १८९६ मध्ये सुरू झाले, १८९९ मध्ये ते स्वतः वारले, आणि १९१२ मध्ये गाडी वर पोहोचली. सुमारे सात किलोमीटरचा बोगदा आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून जातो. तो खोदणारे बहुतेक मजूर इटालियन होते. ज्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती, त्या काळातले हे काम हिमनदीइतकेच पाहण्यासारखे आहे. माणसाचे कर्तृत्व आणि निसर्ग यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. याच देशातील रेशियन रेल्वेच्या आल्बुला आणि बेर्निना मार्गांना २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ती रूळ आणि भोवतीचा प्रदेश दोन्ही मिळून. ६५ मीटर उंचीच्या लांडवासर पुलावरून गाडी वळत जाऊन थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते, तेव्हा पूल कुठे संपला आणि डोंगर कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. बेर्निना मार्ग तर दातेरी रुळाविना २२५३ मीटरपर्यंत चढतो. त्याच वर्षी आपल्या कालका-सिमला रेल्वेलाही ही मान्यता मिळाली, हे आवर्जून नमूद करतो.

झुरिककर:
मी गेली काही वर्षे इथे राहतो, म्हणून स्थानिक लोकांची बाजू मांडतो. प्रश्न हिमरेषाताईंच्या दोन तासांपुरता नाही. युंगफ्राऊयोखवर वर्षाला सुमारे दहा लाख माणसे जातात. २०२० च्या अखेरीस ग्रिंडेलवाल्डहून आयगर हिमनदीच्या स्थानकापर्यंत नवा रोपवे सुरू झाला आणि प्रवासाचा पाऊण तास वाचला. वाचलेला वेळ खोऱ्यात खर्च व्हायला हवा होता. सहलींनी तो त्याच दिवशी आणखी एक ठिकाण जोडायला वापरला. खालच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात उन्हाळ्यात मोटारी आणि बसगाड्यांची अशी दाटी होते की २०२४ मध्ये मोटारीने येणाऱ्या दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याचा विचार गावाला करावा लागला. इझेल्टवाल्ड या तळ्याकाठच्या छोट्या गावात एका कोरियन मालिकेमुळे एवढी गर्दी लोटली की लाकडी धक्क्यावर जाण्यासाठी पाच फ्रँकांचे फाटक बसवण्यात आले. तिथे राहणाऱ्यांच्या दारासमोर रोज काय चालते, हे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नसते.

सातारकर:
आमच्याकडे कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची मर्यादा ठरलेली असते आणि आधी नोंदणी करावी लागते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव वारसा यादीत गेले आणि गर्दी इतकी वाढली की पायांखाली तुडवल्या गेलेल्या फुलांचे फोटो दरवर्षी पाहावे लागत. मर्यादेला सुरुवातीला विरोध झाला, आज कुणी तक्रार करत नाही. स्वित्झर्लंडलाही हेच करावे लागेल, असे मला वाटते.

अन्वय:
सातारकर, कासचे उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे पावलांनीच नुकसान होत होते. आलेच हिमनदी पावलांनी वितळत नाही, ती तापमानाने वितळते. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी मिळून आपल्या एकूण आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. यावर फाटक बसवून काय होणार?

उलट मी म्हणेन की लोकांनी जावे, आणि पाहावे. आलेचजवळच्या फीश या गावच्या लोकांनी सतराव्या शतकात, हिमनदी पुढे सरकून आणि तिच्या कडेचे तळे फुटून शेते बुडत असल्यामुळे, ती वाढू नये म्हणून नवस बोलला होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्यासाठी मिरवणुका काढल्या. आमच्या काळात त्याच गावाला तो नवस उलटा करून हिमनदी आटू नये अशी प्रार्थना करावीशी वाटली, आणि नवस बदलायला व्हॅटिकनची अनुमती घ्यावी लागली. ही गोष्ट ऐकून त्याच जागी उभा राहिलेला माणूस घरी परतल्यावर हवामानाबद्दल वेगळ्या गांभीर्याने बोलतो. मुंबईतल्या मुलाला हे चित्र दाखवून कळत नाही.

झुरिककर:
अन्वय, तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मला पटतो, पण त्याच तापमानात आपल्या विमानप्रवासाचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही. हा विषय इथे दूरचा राहिलेला नाही. आलेच हिमनदीच्या काठावरच्या मॉसफ्लू या ठिकाणाच्या खाली हिमनदीचा आधार कमी झाल्याने २०१६ मध्ये अख्खा उतार सरकू लागला आणि पायवाटा बंद कराव्या लागल्या. २८ मे २०२५ रोजी लोच खोऱ्यात बिर्च हिमनदी दगडमातीसह कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळपास पूर्ण गाडले गेले. सुमारे तीनशे रहिवाशांना आधीच हलवले होते, तरी एक माणूस दगावला. ते खोरेही याच वारसा-प्रदेशाशी जोडलेले आहे. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की इतक्या लांबून यायचेच असेल, तर माणसाने कमी वेळा यावे आणि आल्यावर जास्त दिवस राहावे.

हिमरेषा:
निवृत्त_अभियंता काका, तुमच्या गुडघ्यांचा विचार न करता मी 'बंद करावी' असे लिहिले, तो शब्द मी मागे घेते. सहल असावीच. रेल्वेबद्दलही तुमचे म्हणणे मान्य आहे. बोगद्यातून जाताना ते कोणी खोदले हे आम्हाला कुणी सांगितले असते, तर तो प्रवास वेगळा झाला असता.

परंतु ज्येष्ठांना हिमनदी पाहायला ३४५४ मीटरवरच जावे लागते, हा समज मात्र मी मान्य करणार नाही. बाबांना वर त्रास झाला तो उंचीमुळेच. मॉसफ्लूचे रोपवे स्थानक २३३३ मीटरवर आहे आणि तिथे उतरल्यावर थोड्याच पावलांवर हिमनदीचा मोठा वळसा समोर येतो. फीशहून एगिसहॉर्नला गेले तर आणखी लांबवरचे दिसते, अगदी युंगफ्राऊयोखपर्यंत. चढण नाही, गर्दी पुष्कळ कमी, आणि बसायला जागा असते. मग आपल्या सहलींच्या कार्यक्रमात हा पर्याय का नसावा? विचारणारे प्रवासी वाढले, तर आयोजकांना तो ठेवावाच लागेल.

निवृत्त_अभियंता:
ताई, मोकळेपणाने उत्तर दिलेत, याबद्दल आभार. युंगफ्राऊयोखची गाडी मी सोडणार नाही, ते माझे जुने स्वप्न आहे. परंतु त्यानंतर दोन रात्री फीशला काढाव्यात, असे आज दुपारी पत्नीशी बोलून ठरवले आहे. आम्ही मेच्या मध्यात निघण्याच्या विचारात होतो. त्या दिवसांत हे रोपवे सुरू असतात का?

झुरिककर:
काका, मेमध्ये येऊ नका. हिवाळी हंगाम संपल्यावर या रोपवेंची देखभाल असते आणि वरचे टप्पे बहुधा जूनपर्यंत बंद राहतात; नोव्हेंबरमध्येही तसेच होते. जूनच्या उत्तरार्धात या. काकूंना सकाळी फार थंडी सोसणार नाही, तेव्हा दहानंतर वर जा, आणि इनहेलर सामानात न ठेवता हाताशी असू द्या.