पहिलं बाळंतपण, दवाखाना घाटाखाली : कळा सुरू झाल्यावर नेमकं कधी निघावं?

रानजाई
नमस्कार. वहिनीला ३५वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. वय २४, बीपी ११०/७०, लघवीत प्रोटीन नाही, साखर नॉर्मल. एचबी १०.४. सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली, वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं. नाव उपजिल्हा रुग्णालयात घातलं आहे, तिथे सिझरची सोय आहे. गावातून दिवसा ५० मिनिटं लागतात, पावसात रात्री दीड तास धरावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर.

तिला नैसर्गिक बाळंतपण हवं आहे आणि तब्येत पाहता डॉक्टरांनाही हरकत दिसत नाही. अडचण वेळेची आहे. लवकर गेलं तर "अजून तोंड उघडलं नाही" म्हणून परत पाठवतात, उशीर केला तर घाट. शिवाय बाळ बाहेर येताना योनीमार्गाला देतात तो कट आणि टाके टाळायला आतापासून काही करता येतं का? आई म्हणते नववा भरला की एरंडेल द्यायचं, त्याने सोपं जातं. ते योग्य आहे का?

लेबररूम_सिस्टर
रानजाईताई, आधी घाटाची भीती थोडी कमी करते. पहिलटकरणीचं गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटरपर्यंत उघडायला किती वेळ लागेल याला ठरावीक माप नाही. कधी काही तास, कधी दीड दिवस. त्यानंतरचा जोमाच्या कळांचा टप्पा पहिल्या वेळी १२ तासांपर्यंत चालू शकतो आणि पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला ३ तासांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे पहिल्या खेपेला वाटेतच बाळ होणं क्वचित घडतं. दुसऱ्या खेपेला हा हिशेब लागू नाही, तेव्हा लवकर निघावं.

कळा मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजा. दोन कळांमधला मोकळा वेळ मोजू नका, तिथेच बहुतेकांचं चुकतं. खोट्या कळा चालल्यावर, पाणी प्यायल्यावर किंवा कूस बदलल्यावर विरतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, कशानेही थांबत नाहीत आणि प्रत्येक तासाला जास्त वेळ टिकू लागतात.

पाच_एक_एक
सोपा नियम आहे ना : दर ५ मिनिटांनी कळ, १ मिनिट टिकणारी, असं १ तास चाललं की निघायचं.

लेबररूम_सिस्टर
तो नियम दवाखाना पंधरा मिनिटांवर असणाऱ्यांसाठी ठीक. घाटरस्त्याला तो उशिराचा ठरतो, कारण तशा कळांत गाडीत तास-दीड तास बसणं बाईला फार जड जातं. यांनी कळ पूर्ण मिनिटभर टिकायची वाट न पाहता, १० मिनिटांत २ कळा, प्रत्येक साधारण ४० सेकंदांची, आणि असं तासभर टिकलं की गाडी काढावी. रात्र किंवा पाऊस असेल तर तो तासही पाहू नये. उजेडी निघालेलं बरं.

परत पाठवण्यामागे कारण असतं. फार लवकर भरती केलं की सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं, कळांचं सलाइन लागतं, पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडली जाते आणि सिझरची शक्यता वाढते. म्हणून परत पाठवलं तरी वर गावी जाऊ नका. तालुक्यातच नातेवाइकाकडे थांबा, खाणंपिणं चालू ठेवा, दर दोन तासांनी लघवीला पाठवा, चालू द्या, झोप आली तर झोपू द्या. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर बाईला आधी येऊन राहायला माहेरघर असतं. तुमच्याकडे आहे का ते आशाताईंना विचारा.

कळांची वाट न पाहता लगेच निघायचं ते असं : पाणी गेलं, लाल रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं खूप दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधुक होतंय, वरच्या पोटात दुखतंय, ताप आहे, किंवा ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच नियमित कळा आल्या. चिकट शेंबडासारखं, रक्ताची रेघ असलेलं गेलं तर घाबरू नका, ते तोंड मऊ होत असल्याचं लक्षण आहे. पाणी गेलं तर स्वच्छ सुती घडी लावा, वेळ लिहा आणि रंग पाहा. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असते, फोनवरच दवाखान्याला कळवा. घरी कोणी आत हात घालून तपासू नये, त्यातून जंतू आत जातात.

पाणी गेल्यावर नाळेचा पेड बाहेर दिसला तर मात्र एक मिनिट दवडायचं नाही. तिला गुडघे आणि छाती टेकवून, कुल्ले वर, अशा ओणव्या स्थितीत ठेवा, नाळ आत ढकलू नका आणि १०८ ला फोन करा.

निवृत्त_आरोग्यसेविका
एचबी १०.४ म्हणजे अजून कमीच. गरोदरपणात ११च्या खाली रक्तक्षय धरतात. तिला रोज दोन लोहगोळ्या चालू आहेत का? प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा जेवणाबरोबर, आणि तिच्यात व लोहगोळीत दोन तासांचं अंतर. बहुतेक घरी दोन्ही एकत्रच गिळतात आणि मग एचबी का वाढत नाही म्हणून विचारतात. शी काळी होणं साहजिक आहे, त्यासाठी गोळी बंद करू नये. महिन्यात एचबी १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून लोह देतात.

एरंडेल देऊ नका. त्याने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि कळा सोसायला लागते ती ताकद आधीच जाते. आईंना सांगा, त्यांची काळजी खरी आहे, पण त्यासाठी घरचं जेवण, पुरेसं पाणी आणि रोजचं चालणं एवढं पुष्कळ. आणखी एक : घरी येऊन कोणी "कळांचं इंजेक्शन" देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. ते औषध सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. एकदम टोचलं तर पिशवी सैल पडतच नाही, बाळ गुदमरतं, क्वचित पिशवी फाटते.

फिजिओ_पुणे
टाक्यांविषयी. ३४-३५ आठवड्यांपासून योनीमार्गाच्या खालच्या भागाला मालीश केली तर पहिल्या बाळंतपणात कट लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. नखं कापून, हात साबणाने धुऊन, खोबरेल लावून अंगठा ३ ते ४ सेंटिमीटर आत. खाली गुदद्वाराच्या दिशेला दाबायचं, थोडी जळजळ होईल इतकाच ताण, मिनिटभर धरायचं. मग बाजूंना अर्धवर्तुळात. वरच्या बाजूला, लघवीच्या जागेकडे, दाबू नये. एकूण पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. खाज, पांढरं जाणं, रक्तस्राव असेल किंवा पाणी गेलं असेल तर करायची नाही.

पण मालिशीपेक्षा डोकं बाहेर येतानाची दोन मिनिटं महत्त्वाची. तेव्हा जोर थांबवून तोंडाने "फू-फू" श्वास सोडायचा, म्हणजे डोकं हळू सरकतं आणि कातडीला ताणायला अवधी मिळतो. हे आतापासून रोज करून पाहायला सांगा, ऐन वेळी शिकवून जमत नाही. त्या भागावर कोमट पाण्याची घडी धरल्यानेही मोठ्या फाटण्याचा धोका कमी होतो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच लोहगोळ्या आहेत, पण कॅल्शियम बरोबरच घेत होती, ते आजपासून बदलतो. टेबलावर उताणं झोपवतात असं ऐकलं आहे. उकिडवं बसू देतील का? आणि आत कोणी बरोबर राहू शकतं का?

लेबररूम_सिस्टर
कळा येत असताना चालणं, ओणवं होणं, उकिडवं बसणं याला अडचण नसावी. दर अर्ध्या तासाने, जोर लावायला लागल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके ऐकले म्हणजे झालं. उताणं झोपल्याने पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाला रक्त कमी पोहोचतं. बाळ बाहेर येताना टेबलच वापरत असतील तर डाव्या कुशीवर, वरचा पाय धरून, ही मधली वाट बहुतेक ठिकाणी मान्य होते. पूर्ण उघडलं म्हणून लगेच श्वास कोंडून जोर लावायला सांगत असतील तर "खाली जोर आल्यावर लावते" असं तिने म्हणावं. पोट वरून दाबू देऊ नका.

सरकारी दवाखान्यात सोबतिणीला २०१६ पासून केंद्र शासनाची मान्यता आहे. ती स्वतः बाळंतपण झालेली बाई असावी अशी अपेक्षा असते. नवऱ्याला आडोशाची सोय असेल तिथेच घेतात. दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला जाल तेव्हा हे विचारून ठेवा : सोबतीण चालते का, सरसकट कट देता का, रात्री भूल देणारे डॉक्टर असतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका तिथे नेमली आहे का तेही पाहा.

स्त्रीरोग_डॉ
वरचं सगळं पटतं. भर घालतो ती वारेविषयी, कारण नैसर्गिक बाळंतपण हवं असणारे लोक कधी कधी नंतरच्या इंजेक्शनलाही नको म्हणतात. तसं करू नये. बाळ झाल्यावर एका मिनिटात मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दिल्याने पिशवी आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. एचबी १०.४ असताना तर हे हवंच. नाळ मात्र १ ते ३ मिनिटं थांबून कापायला सांगा, तेवढ्यात बाळाला वारेतलं जादा रक्त आणि लोह मिळतं. वार अर्ध्या तासात पडली पाहिजे. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात ठेवून पाहायचं, पिशवी नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर आधी लघवी करवा, भरलेल्या मूत्राशयामुळे ती आवळत नाही. पाच मिनिटांच्या आत पूर्ण घडी भिजली तर ओरडून सिस्टरना बोलवा. ते काम सोबतिणीचं.

समजा वाटेतच डोकं दिसलं, तर गाडी बाजूला थांबवा, तिला डाव्या कुशीवर घ्या. पाय जुळवून धरू नका, बाळाला ओढू नका. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं कापड. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. गाडीत दोन सुती चादरी आणि एक स्वच्छ टॉवेल ठेवाच. पहिल्या तासात चीक पाजा, मध किंवा घुटी नको.

रक्तगट कोणता? निगेटिव्ह असेल तर वेगळं इंजेक्शन लागतं.

रानजाई
ओ पॉझिटिव्ह.

स्त्रीरोग_डॉ
मग ते इंजेक्शन लागणार नाही. पण ओ गटाला ओचंच रक्त चालतं, तेव्हा त्या गटाचे दोन जण आताच ठरवून त्यांचे नंबर माता-बाल संरक्षण कार्डच्या मागे लिहून ठेवा.