न्यू ऑर्लिन्स: आईबाबांना घेऊन दोन रात्री. गाणंबजावणं आणि शाकाहारी जेवण, सल्ला हवा

मिरजेची_लेक
नमस्कार मंडळी. आईबाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला आमच्याकडे आलेत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवार ते रविवार, त्यांना न्यू ऑर्लिन्सला न्यायचं ठरवलंय. आम्ही चौघं. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण ही सहल त्यांच्यासाठीच आहे. त्यांनी उमेदीची बावीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. ते 'क्लारनेट' म्हणतात. मला जॅझमधलं काही कळत नाही. पण परवा यूट्यूबवर जॉर्ज लुइस (न्यू ऑर्लिन्सचा जुना क्लॅरिनेटवादक) लावला, तर बाबा स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि तोच तुकडा तीनदा ऐकला. म्हणाले, 'हा आमच्यासारखाच फुंकतो गं.'

आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबा मासे खातात. हॉटेल आणि पेट्रोल धरलेलं नाही, बाकी जेवण, तिकिटं, पार्किंग असं सगळं मिळून ४०० डॉलर आहेत. त्यावर जायचं नाही.

क्लॅरिनेट कुठे ऐकायला मिळेल (बसायला जागा हवीच), आईने काय खावं, आणि रविवारी निघण्याआधी काय करावं, एवढं सांगा.

डॅलसचे_नाना
ताई, बजेट बाजूला ठेवा. आईवडील काय रोज येतात? कमांडर्स पॅलेसचा जॅझ ब्रंच घ्या. १८९३पासूनचं रेस्टॉरंट आहे, गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे छत बाहेरूनच दिसतात. वादक टेबलापाशी येऊन वाजवतात, फर्माईश केली की तीही पुरी करतात. आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला गेलो होतो, चौघांचे टिप धरून साडेतीनशे झाले. एकेक डॉलर वसूल. हाफ पँट चालत नाही, बाबांना बंद गळ्याचा कोट असेल तर घालू दे. फोटो सुंदर येतात.

केटीकर
नाना, तिचं सगळं मिळून चारशे आहे, वाचलंत का?

मी जेवणाचं सांगतो, कारण आमची फजिती झालीये. तिथे सोमवारी राजमा-भात करायची जुनी रीत आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, मग रविवारच्या डुकराच्या हाडावर राजमा चुलीवर ठेवायचा आणि तो दिवसभर शिजत राहायचा. आता बऱ्याच ठिकाणी रोजच मिळतो. मेनूत 'रेड बीन्स' दिसलं की आपल्या लोकांना वाटतं, चला, सुटलो. माझ्या आईलाही तसंच वाटलं. वेटरला दोनदा विचारलं, तो म्हणाला यात मांस नाही. म्हणजे वरून सॉसेज ठेवलेलं नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं! आईने चार घास खाल्ल्यावर खाली तुकडा दिसला. ती दोन दिवस फळांवर राहिली. त्या जागेचं नाव लिहीत नाही, पण मला अजून वाईट वाटतं.

गम्बोचंही (तिथलं दाट कालवण) तेच. पीठ तेलात किंवा चरबीत काळपट होईपर्यंत परततात, त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, आणि पाणी म्हणून कोंबडीचा किंवा कोळंबीचा रस्सा. 'ग्रीन गम्बो' नावात पालेभाज्या असल्या तरी त्यातही बहुधा मांस असतं. तेव्हा 'मांस आहे का' असं विचारू नका. 'हाड, चरबी, रस्सा, यातलं काही घातलंय का' असं विचारा.

मध्यलय
क्लॅरिनेटसाठी शहर अगदी बरोबर निवडलंय. बाकीच्या जॅझमध्ये ती मागे पडली, न्यू ऑर्लिन्सने सोडली नाही. जुन्या वादकांना अल्बर्ट पद्धतीची क्लॅरिनेट आवडायची, पट्ट्या कमी आणि आवाज जाड, लाकडी. बाबांची कुठल्या पद्धतीची होती, विचारून बघा.

जागा सांगतो. प्रिझर्वेशन हॉल, सेंट पीटर स्ट्रीट, १९६१पासून. तिथे खाणं नाही, पिणं नाही, फक्त गाणं. एक सेट सुमारे पाऊण तास. खोली लहान, बाकं थोडी, बाकीचे उभे किंवा पुढे जमिनीवर. वादक हाताच्या अंतरावर असतात. तिकीट आधी काढा, चौघांचे शंभराच्या वर धरा. वाजवत असताना फोटो काढू देत नाहीत.

दुसरी जागा फ्रेंचमन स्ट्रीटवरचं स्नग हार्बर. खरोखरच्या खुर्च्या आणि टेबलं आहेत, रात्री साधारण साडेसात आणि साडेनऊ असे दोन कार्यक्रम. पियानोवादक एलिस मार्सालिस तिथे कित्येक वर्षं शुक्रवारी वाजवायचे, २०२० मध्ये गेले. आजूबाजूच्या क्लबांत बहुतेक उभंच राहावं लागतं आणि दर सेटला माणशी एक ड्रिंक घ्यायची अपेक्षा असते.

कुठे कोण वाजवतंय हे डब्ल्यूडब्ल्यूओझेड या रेडिओच्या (९०.७ एफएम) साइटवर 'लाइव्हवायर' नावाच्या यादीत रोजचं रोज मिळतं. डॉ. मायकल व्हाइट हे नाव दिसलं तर बाकी सगळं सोडून जा. क्लॅरिनेटचे मोठे वादक आणि अभ्यासक. २००५च्या कतरीना वादळात त्यांचा जुन्या क्लॅरिनेटांचा आणि कागदपत्रांचा संग्रह पाण्यात गेला, तरी त्यांनी वाजवणं थांबवलं नाही.

पाच_तास_ड्राइव्ह
मध्यलय यांना अनुमोदन. प्रिझर्वेशन हॉल घ्याच. तिकीट आधी काढा.

पण त्याआधी गाडीचं बोला. फ्रेंच क्वार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, गाडी नेऊ नका, नेऊ नका, नेऊ नका. आम्ही पाटी वाचून लावली होती, तरी परत आलो तर गाडी उचलून नेलेली. दंड, ओढून नेल्याचे पैसे आणि अर्धी रात्र गेली. हॉटेलला लावा आणि ट्रामने फिरा. तिकीट सव्वा डॉलर, दिवसाचा पास ३ डॉलर. सेंट चार्ल्सची ट्राम १८३५पासून चालू आहे, लाकडी बाकं, खिडक्या उघडतात. आईबाबांना तीच आवडेल.

डॅलसचे_नाना
आम्ही क्वार्टरमध्येच गाडी लावतो, तीन वेळा गेलो, कधी काही झालं नाही. पाटी नीट वाचावी लागते.

पाच_तास_ड्राइव्ह
नाना, पाटी मी नीटच वाचली होती. तिच्यावर पानांची फांदी आलेली होती.

स्मोकी_माउंटन
संगीतच ऐकायचं तर नॅशव्हिलला का जात नाही? रायमन सभागृह १८९२चं, मूळचं प्रार्थनास्थळ, तिथला आवाज ऐकून मला रडू आलं होतं. ब्रॉडवेवर सकाळपासून प्रत्येक दारातून बँड ऐकू येतो, बऱ्याच ठिकाणी तिकीटही नाही. स्वच्छ शहर, माणसं प्रेमळ.

मध्यलय
क्लॅरिनेट आणि नॅशव्हिल? तिथे गिटार, फिडल, बँजो. ह्यूस्टनहून लांबही दुप्पट.

स्मोकी_माउंटन
बाबा वादक आहेत, त्यांना चांगलं वाद्य कुठलंही चालेल.

काकू_फ्रॉम_पेअरलँड
कॅफे दु मॉन्द कोणीच लिहिलं नाही अजून! १८६२पासून आहे. बेन्ये म्हणजे चौकोनी तळलेले पाव, वर पिठीसाखरेचा ढीग. काळे कपडे घालून जाऊ नका. कॉफीत चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) असते, अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा ती मिसळायची सवय वाढली. दुधातली घ्या, आपल्या माटुंग्याच्या फिल्टर कॉफीची आठवण येते. बेन्येत काय काय असतं ते आईसाठी आधी विचारून घ्या.

अवांतर: चिकोरी चांगली की वाईट यावर माझ्या मिस्टरांचा आणि माझा वीस वर्षं वाद आहे. मला ती हवीच.

केटीकर
चिकोरीने कॉफीचा वास मरतो, काकू. माझ्या आजोळी ती स्वस्तात पडते म्हणून घालायचे.

काकू_फ्रॉम_पेअरलँड
स्वस्त असली म्हणून वाईट होत नाही.

बॅटनरूज_विद्यार्थी
रविवारसाठी सांगतो. सेकंड लाइन बघा. साधारण उन्हाळा सरल्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ दर रविवारी दुपारी, कृष्णवर्णीय वस्त्यांतली जुनी मंडळं मिरवणूक काढतात. मंडळ आणि बँड ही पहिली रांग, मागून नाचत येणारे रस्त्यावरचे लोक ही दुसरी, म्हणून हे नाव. तिकीट नाही. चारेक तास चालते, मध्ये ठरावीक ठिकाणी थांबते. मार्ग त्याच रेडिओच्या साइटवर आठवडाभर आधी येतो. बँडवाल्या माणसाला हे दाखवलंच पाहिजे. वरात आणि विसर्जन दोन्ही एकत्र चाललंय असं वाटतं.

पाच_तास_ड्राइव्ह
७१ वर्षांच्या माणसाला, गुडघे दुखत असताना, चार तास मिरवणुकीत? अजिबात नको.

डॅलसचे_नाना
सहमत. गर्दी फार. रविवारी ब्रंचच करा.

मध्यलय
मीही नको म्हणेन. शिवाय हल्लीच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट क्वचित असते. हॉलचं तिकीट काढा, ते खात्रीचं आहे.

मिरजेची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना विचारलं. त्यांची क्लॅरिनेट जुन्या पद्धतीचीच होती, १९७४ मध्ये मिरजेत सेकंड हँड घेतलेली, आता मिरजेच्या घरी गॅरेजमधल्या पेटीत आहे, पॅड गेलेत. अल्बर्ट हे नाव त्यांना माहीत नव्हतं, ते 'साधी' म्हणायचे. नाना, ब्रंच खरंच जमणार नाही. हॉलचं मनात आहे, पण बाक मिळेलच असं नाही आणि पाऊण तास उभं राहणं त्यांना होणार नाही. बघते.

काकू_फ्रॉम_पेअरलँड
वाफेच्या बोटीवर जेवण आणि जॅझ असतं, नॅचेझ नाव. बसून ऐकता येतं. आम्हाला फार आवडलं.

केटीकर
बोटीच्या जेवणात आईला काय मिळणार? आणि परत बजेट. मॅगझिन स्ट्रीटवर सॅफ्रन नोला आहे, भारतीय, जरा महाग, पण एक रात्र आईला सुखाने जेवता येईल.

*(अठरा दिवसांनी)*

मिरजेची_लेक
जाऊन आलो. तुम्ही एवढं लिहिलंत, तेव्हा नीट सांगते.

हॉल घेतला नाही, बोट नाही, ब्रंच नाही. निघताना दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या. शनिवारी सकाळी अकराला रॉयल स्ट्रीटवर गेलो, तिथे दिवसा रस्ता गाड्यांना बंद असतो. कोपऱ्यावर पाच जण वाजवत होते, त्यात एक क्लॅरिनेटवाली. बाबांना समोर खुर्ची लावून दिली. दोन तास ते तिथून हलले नाहीत. आई आणि मी दुकानं फिरून आलो, तरी तसेच, गुडघ्यावर बोटं चालू. मध्ये वादक थांबले तेव्हा मी त्या क्लॅरिनेटवालीला सांगितलं की बाबा भारतात बँडमध्ये वाजवायचे. तिने क्लॅरिनेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी फुंकली नाही, दुसऱ्याच्या रीडला (फुंकायच्या टोकाची पातळ पट्टी) तोंड लावायचं नाही म्हणाले. बोटं ठेवून बघितली, पट्ट्या फार आहेत म्हणाले, नव्या पद्धतीची होती. बादलीत २० डॉलर टाकले, बाबांनी खिशातून आणखी ५ टाकले.

दुपारी टांकसाळीच्या जुन्या इमारतीतलं जॅझ म्युझियम बघितलं. जॅझमधला मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग याचं लहानपणीचं कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) तिथे आहे. सुधारगृहात मुलगा वाजवायला शिकला, हे मी बाबांना वाचून दाखवलं. आमच्या बँडमध्येही दोघं अनाथाश्रमातून आलेले होते, एवढंच म्हणाले आणि बराच वेळ काचेपाशी उभे राहिले.

रविवारी सेकंड लाइन. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, बॅटनरूजचा अपवाद. मिरवणुकीबरोबर चाललो नाही. मार्ग बघून ती जिथे थांबते तिथे अर्धा तास आधी खुर्च्या लावून बसलो. शेजारच्या घरातल्या आजींनी आईला त्यांच्या पायरीवर सावलीत बसवलं. लांबून आधी फक्त ढोल ऐकू आला. बाबा म्हणाले, 'दोन ढोल नाहीत, एकच आहे, हात चांगला आहे.' जवळ आल्यावर बघितलं तर ढोलावरच झांज बसवलेली आणि तो ती स्क्रूड्रायव्हरने वाजवत होता! मध्यलय म्हणाले तसंच, क्लॅरिनेट एकही नव्हती. बाबांना त्याचं वाईट वाटलं, परत येताना गाडीत दोनदा तेच बोलले. पण बँड पुढे सरकला तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. मी मागे धावले. गुडघा सोमवारी सुजला होता, आता बरा आहे.

आईचं: थालीपीठं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून नेली. शनिवारी रात्री सॅफ्रनला जेवलो, तीच एक मोठी चैन. बेन्ये आईने खाल्ले नाहीत, कॉफी दोनदा घेतली. बाबांनी कोळंबीचा पो'बॉय (तिथलं लांब पावाचं सँडविच) अर्धा खाल्ला, पाव फार मोठा असतो, दोघांत एक पुरतो. गाडी हॉटेललाच होती, ट्रामचा पास काढला. सगळं मिळून ३७५च्या आसपास गेले.

डॅलसचे_नाना
छान. पुढच्या वेळी ब्रंच नक्की करा.

बॅटनरूज_विद्यार्थी
काकांना नमस्कार सांगा. खुर्च्यांची कल्पना मला सुचली नव्हती, आता माझे आईबाबा येतील तेव्हा हेच करणार.

मिरजेची_लेक
आता नवा प्रश्न. बाबांना ह्यूस्टनमध्ये जुनी क्लॅरिनेट हवी आहे, साध्या बोटांची, अल्बर्ट. ते मार्चपर्यंत इथे आहेत. कोणाला दुकान माहीत आहे का? बजेट १५० डॉलर.

स्मोकी_माउंटन
दीडशेत चांगली येणार नाही. माझ्या मुलीची ४०० ची आहे, शाळेच्या बँडसाठी घेतली, आवाज फार गोड.

मध्यलय
शाळेच्या सगळ्या नव्या पद्धतीच्या असतात, त्यांना नको. गहाणवटीच्या दुकानांत आणि जुन्या सामानाच्या बाजारात शोधा, अल्बर्टला इथे फारसं गिऱ्हाईक नाही, म्हणून स्वस्त मिळते. घेताना पॅड बघा, लाकडाला चीर आहे का बघा. आणि मिरजेच्या पेटीतली इकडे येणारं कोणी असेल तर मागवा. पॅड बसवून देणारा माणूस मी शोधून देतो.