‘सिस्टीमचा दोष’ म्हणजे नक्की कोणाचा?

तिरकाडोळा

परवा इथे फोरमवर ‘माणसाला नको, व्यवस्थेला जाब विचारा’ असा लेख आला. त्याखाली ‘+१’ची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. लेखिकेचं म्हणणं थोडक्यात असं: संस्थेत जे बिघडतं त्यातलं ९४ टक्के सिस्टीममुळे, म्हणजे कामाच्या रचनेमुळे बिघडतं, तेव्हा चुकणाऱ्याला धरू नका, फीडबॅक लूप शोधा, म्हणजे परिणाम फिरून पुन्हा कारणावर येतो ते वर्तुळ. आणि हेच म्हणे सरकारी धोरणांनाही लागू.

ऐकायला छान आहे. आता आमच्या प्लँटमधली गोष्ट. डिस्पॅचला चुकीची लेबलं लागून माल बाहेर गेला, सलग तीन दिवस. लेबल लावणाऱ्याला आधी तीनदा ताकीद दिलेली होती. पूर्वी सुपरवायझरनं त्याला बोलावून फैलावर घेतलं असतं आणि विषय मिटला असता. पण आमचे साहेब नुकतेच सिस्टीम्स थिंकिंगचं, म्हणजे सुटा माणूस न बघता सगळी व्यवस्था एकत्र बघायच्या विचाराचं, वर्कशॉप करून आले होते. मग दिवसभराची मीटिंग. भिंतीवर मोठा कागद, त्यावर सतरा बाण. ‘ट्रेनिंग’कडून ‘मनोबला’कडे, ‘मनोबला’कडून ‘गैरहजेरी’कडे, तिथून फिरून परत ‘ट्रेनिंग’कडे. संध्याकाळी सगळ्यांनी त्या कागदाचे फोटो काढले. ज्यानं लेबलं लावली त्याचं नाव त्यावर कुठेही नव्हतं. दोन महिन्यांनी तीच चूक पुन्हा.

सगळे जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही. आळशाला याहून चांगला वकील मिळणार नाही.

गोलगोल

तो लेख माझा. ‘माणसाला धरू नका’ असं मी लिहिलेलंच नाही, ‘आधी माणसाला धरू नका’ असं लिहिलंय. एक शब्द गाळून वाचलं की भांडायला सोपं जातं.

इंग्लंडचं उदाहरण लेखात होतं, ते तुम्ही सोयीस्कर सोडलंत. तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना टार्गेट होतं: आलेल्या रुग्णाचा चार तासांत निकाल लावा, म्हणजे दाखल करा, दुसरीकडे पाठवा किंवा घरी सोडा. सुरुवातीला ९८ टक्के रुग्णांसाठी, २०१०मध्ये ते ९५वर आणलं. आकडे मांडले तेव्हा रुग्ण विभागाबाहेर पडण्याचा सगळ्यात उंच सुळका चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत दिसला. आता यातली कोणती नर्स आळशी? कोणाला फैलावर घेणार? माणसं मन लावून काम करत होती, पण घड्याळासाठी.

मेक्सिको सिटीनं १९८९मध्ये प्रदूषणावर उपाय म्हणून नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकावरून प्रत्येक गाडी आठवड्यातला एक दिवस बंद ठेवायला लावली. अनेकांनी त्या दिवसासाठी दुसरी गाडी घेतली, बहुतेक जुनी आणि जास्त धूर ओकणारी. नियम करणारे मूर्ख नव्हते. गाडीवाला काय करेल हा बाण त्यांनी काढला नव्हता, एवढंच.

उंटावरचा_शहाणा

+१ ताई. नागांची गोष्ट राहिली! दिल्लीत इंग्रजांनी मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, लोकांनी घरीच नाग पाळायला सुरुवात केली. बक्षीस बंद झाल्यावर सगळे सोडून दिले आणि नाग दुप्पट झाले.

हिशेबनीस

ही गोष्ट ज्याला त्याला सांगायची असते, पुरावा मात्र कोणी देत नाही. त्या काळातला भरवशाचा कागद कोणी दाखवलेला नाही. उदाहरणच हवं असेल तर १९०२चं हनोई घ्या. फ्रेंच प्रशासनानं उंदराच्या शेपटीमागे पैसे ठेवले, मग शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले. शेपूट कापून उंदीर सोडला की तो आणखी पिल्लं घालणार. पुढे तर उंदीर पाळले जात असल्याचंही उघड झालं. याची नोंद आहे.

आता त्या ९४ टक्क्यांबद्दल. तो आकडा अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचा. कुठल्याही पाहणीतून आलेला नाही. त्यांनी स्वतःच ‘माझ्या अनुभवावरून अंदाज’ असं म्हणून दिला होता. त्याआधी ८५ टक्केही सांगितला जायचा. लोक मात्र त्याला मोजमाप समजतात. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर ‘आकडा कुठून आला ते विचारा’ म्हणून घसा कोरडा केला, त्यांचाच आकडा लोक न विचारता फिरवतात.

तिरकाडोळा

हिशेबनीस, दंडवत. ९४ टक्के गेले. लेखिकाबाई, आता उरलं काय?

गोलगोल

अंदाज असला म्हणून खोटा ठरत नाही. लाल मण्यांचा प्रयोग याच डेमिंगचा. ४,००० मणी, त्यातले ८०० लाल. ५० खळगे असलेली फळी बुडवायची, लाल मणी म्हणजे खराब माल. कामगारांना सांगायचं, लाल आणू नका. कोणाला सहा येतात, कोणाला पंधरा. सहावाल्याचा सत्कार, पंधरावाल्याला ताकीद. दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं.

तळातली_एक

मण्यांचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचणारी.

आमच्याकडे अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाला, बेल कर्व्ह होता: किती जण वर, किती मधे, किती तळाला हे आधीच ठरलेलं. दर टीममधले तळाचे दहा टक्के काढून दाखवायचे. टीम पाच जणांची. पाचाचे दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस. तो अर्धा पुरा करायला मला घेतलं, कारण त्या वर्षी मी सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होते आणि ‘बाकीच्यांना दुखावणं बरं दिसलं नसतं’. हे मॅनेजरनं मला स्वतः सांगितलं. वर म्हणाला, मनावर घेऊ नकोस, सिस्टीमच तशी आहे.

सिस्टीमच तशी आहे! हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. वरच्यानं खालच्याला सांगितलं की त्याचा अर्थ ‘गप्प बस’. खालच्यानं वरच्याला सांगितलं की उत्तर येतं, ‘कारणं देऊ नकोस’.

उंटावरचा_शहाणा

आमच्याकडे आमचे साहेब स्वतःला वगळून कर्व्ह काढतात. कर्व्हच्या वर बसून.

तिरकाडोळा

तळातली_एक, तुमच्यावर अन्याय झाला यात वाद नाही. पण हा धागा अप्रेझलचा नाही. आणि मण्यांचा खेळ मुळातच फसवा आहे. मणी काढण्यात कौशल्य शून्य, म्हणून फरक फक्त नशिबाचा. खऱ्या कामात कौशल्य असतं. वेल्डर वेल्डरमध्ये फरक असतो, शिक्षक शिक्षकात असतो. नशिबाचा खेळ मांडायचा आणि ‘बघा, सगळं नशीबच’ म्हणायचं, याला प्रयोग म्हणत नाहीत.

तळातली_एक

धागा अप्रेझलचा नाही कसा? ‘ज्याची चूक त्याला धरा’ म्हणताय ना तुम्ही? मग कोणाची चूक हे ठरवायचं यंत्र कोणतं आहे तुमच्याकडे? अप्रेझलच ना? तेच बिघडलेलं असेल तर धरणार कोणाला? ज्याला धरणं सोपं आहे त्याला.

हिशेबनीस

तिरकाडोळांचा मुद्दा निम्मा बरोबर. मण्यांवरून ‘माणसामाणसांत फरकच नसतो’ असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की फरक नशिबाचा की माणसाचा हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी कंट्रोल चार्ट काढावा लागतो, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा आखलेला आकड्यांचा आलेख. काढतं कोण? सतरा बाण काढायला दिवस मिळतो, चार्ट काढायला तास मिळत नाही.

कागदी_घोडा

तुम्ही प्लँट आणि अप्रेझलमध्ये अडकलात, मला धोरणाची जास्त भीती वाटते. कंपनीत बाण चुकला तर लेबल चुकतं, सरकारात चुकला तर लोक बेघर होतात.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर, या सिस्टीम डायनॅमिक्सचे, म्हणजे असे बाण संगणकावर चालवून बघायच्या शास्त्राचे जनक, त्यांनी १९६९मध्ये शहराचं मॉडेल मांडलं. बॉस्टनच्या माजी महापौरांशी गप्पा मारता मारता रचलेलं. निष्कर्ष असा की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली तर शहर आणखी खालावतं, त्यापेक्षा काही जुनी वस्ती पाडून उद्योगांना जागा द्या. पुढे त्यांनी अख्ख्या जगाचं मॉडेल केलं, त्यावर १९७३मध्ये अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांनी टीका केली. त्यांचा आक्षेप मथळ्यातच होता: डेटाशिवाय मोजमाप. गृहीतकं आपली, बाण आपले, आणि उत्तर मात्र ‘सिस्टीम’ देते. पूर्वी राजे म्हणायचे देवाची इच्छा, हे म्हणतात मॉडेलचा निष्कर्ष.

उलट बाजू बघा. देवी रोग कसा गेला? १९६७पासून जागतिक आरोग्य संघटना एका रोगाच्या मागे हात धुऊन लागली, १९८०मध्ये तो संपल्याचं जाहीर केलं. गरिबी, शिक्षण, पाणी, सगळे बाण काढत बसले असते तर अजून काढतच असते.

गोलगोल

माझ्याच बाजूचं उदाहरण माझ्यावर फेकल्याबद्दल आभार! १९६६च्या अखेरीस पूर्व नायजेरियात साथ आली तेव्हा लस सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती. मग विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना टोचण्याऐवजी रोगी शोधून त्याच्याभोवतीच्या लोकांना टोचलं. रोग कोणत्या वाटेनं पुढे जातो ते बघून ती वाटच बुजवली. पुढे मोहिमेचा भर त्या पद्धतीकडे वळला. याला सिस्टीम्स थिंकिंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

कागदी_घोडा

याला हुशारी म्हणायचं. जे जे यशस्वी झालं ते तुमचं, आणि फसलं ते ‘बाण राहून गेला’. ज्या विचाराला चूक ठरायची सोयच नाही त्याच्याशी वाद कसला घालायचा? तुमच्या लेखात एक तरी भाकीत होतं का, जे खोटं ठरू शकेल?

गोलगोल

नव्हतं. हे मान्य. शहराच्या मॉडेलचं समर्थन मी करणार नाही, मलाही ते खटकतं. पण साध्या सरळ विचारानं ज्यांनी शहरं बिघडवली त्यांची यादी काढायला बसू का? धागा पुरणार नाही.

कागदी_घोडा

काढा. आम्ही बसलोय.

निवृत्त_फोरमन

सगळं वाचलं. तिरकाडोळा साहेब, दोन प्रश्न. दोन प्रकारच्या लेबलांचे रोल दिसायला कसे होते? आणि दोन महिन्यांनी जी चूक पुन्हा झाली ती त्याच माणसानं केली का?

तिरकाडोळा

काका, रोल सारखेच दिसायचे, फक्त कोपऱ्यात कोड वेगळा. पण बाकीचे चार जण त्याच रोलवर काम करत होते, ते नाही चुकले.

निवृत्त_फोरमन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

उंटावरचा_शहाणा

जागा धरून बसतो.

तिरकाडोळा

शहाणे, तुम्हाला तमाशाच हवा असतो. दुसऱ्या वेळी दुसरा माणूस होता. पहिल्याची तोवर बदली झाली होती. झालं समाधान? म्हणून पहिला सुटत नाही. ताकीद मिळाल्यावर माणूस कोपऱ्यातला कोड वाचतो. वाचायला पगार मिळतो.

निवृत्त_फोरमन

मी छत्तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. तिसऱ्या शिफ्टला पहाटे चारला कोपऱ्यातला कोड कोणी वाचत नाही, मीही वाचला नसता. आमच्याकडे असेच दोन सारखे बोल्ट होते. मी एका माणसाला त्यावरून घरी पाठवलं. त्याच्या जागी आलेल्यानं तिसऱ्या आठवड्यात तेच केलं. मग मी एका पेटीला लाल रंग फासला. बाण वगैरे काढले नाहीत. पहिल्या माणसाला परत बोलवायला गेलो तेव्हा तो दुसरीकडे लागला होता, माझ्याशी बोलला नाही.

आळशी माणसंही पाहिली. एकाला तर मीच काढलं आणि बरोबर काढलं. पण आधी पेटी रंगवायची, मग माणूस बघायचा. मी उलटं केलं.

हिशेबनीस

काका, नमस्कार. एक गोष्ट सांगायची राहिली. डेमिंगनं ते ९४ टक्के सिस्टीमचे म्हटले तिथेच कंसात लिहिलंय: ‘मॅनेजमेंटची जबाबदारी’. वर्कशॉपवाले कंस गाळतात. कंसासकट वाचलं तर ‘सिस्टीमचा दोष’ म्हणजे कोणाचाच नाही असं होत नाही, साहेबाचा होतो. तिरकाडोळा, तुमच्या त्या कागदावर माणसाचं नाव नव्हतं म्हणता. साहेबांचं होतं का?

तिरकाडोळा

नव्हतं. स्वस्त पडतो म्हणून एकाच छपाईचा रोल घ्यायचा ठरला, त्यावर सही त्यांचीच. बाण काढायला मार्करही त्यांच्याच हातात होता.

घ्या, मानलं. पण हे मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलं होतं: सगळ्यांना जबाबदार धरलं की कोणीच जबाबदार राहत नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

गोलगोल

तुम्ही तेव्हा वकील आळशाला दिला होतात, साहेबाला नाही. पण ठीक आहे, जिंकलात.

तळातली_एक

आणि माझ्या मॅनेजरला वकील कोणी दिला? ‘सिस्टीमच तशी आहे’नंच ना?

निवृत्त_फोरमन

ते जाऊ द्या. रोलचा रंग बदलला का?

तिरकाडोळा

अजून नाही. प्रस्ताव खरेदी विभागाकडे आहे.