एडिनबरा फ्रिंजमधली नवी नाटकं शोधताना

एडिनबरा फ्रिंज म्हणजे स्कॉटलंडमध्ये दर ऑगस्टला भरणारा नाटकं आणि इतर कलांचा महोत्सव. तिथे काय बघावं असं विचारलं की 'समीक्षणात चार-पाच तारे मिळालेलं नाटक बघा, फसणार नाही' असा सल्ला मिळतो. तो मला अर्धाच पटतो. फ्रिंजमध्ये कार्यक्रमांची कुणी निवड करत नाही, जागा मिळाली की कुणालाही प्रयोग लावता येतो. त्यामुळे तीन हजारांवर कार्यक्रम, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक पोस्टरवर तारेच तारे! ते कुणी दिलेत, हे आधी वाचावं. त्यापेक्षा 'द स्कॉट्समन' दैनिकाच्या फ्रिंज फर्स्ट पुरस्कारांवर माझा भरवसा जास्त. १९७३ पासून ते फक्त नव्या लेखनालाच दिले जातात. पुढे टीव्ही मालिका म्हणून गाजलेल्या 'फ्लीबॅग'ला २०१३ मध्ये हाच मिळाला होता, तेव्हा ते फीबी वॉलर-ब्रिजने एकटीने सादर केलेलं छोटं नाटक होतं.

आणखी एक सांगायचं ते एडिनबरातल्या ट्रॅव्हर्स थिएटरच्या वेळांबद्दल. नव्या नाटकांसाठीचं ते हक्काचं थिएटर, पण ऑगस्टमध्ये तिथे एकाच नाटकाची वेळ रोज बदलते. आज संध्याकाळी, तर उद्या सकाळी दहाला! मी सकाळचंच तिकीट काढतो. एकदा बाहेर पाऊस, ओल्या कोटांचा वास, आणि समोर दोनच नट. शेवटच्या दहा मिनिटांत शेजारच्या आजींनी हातातला रुमाल घट्ट आवळून धरला होता. बाहेर आल्यावर अजून दुपारही झाली नव्हती, पण त्या दिवशी दुसरं काही बघावंसंच वाटेना. पुढची दोन तिकिटं मी तशीच सोडून दिली.