लॉबीतल्या कुंड्या कोणी नेल्या?

मंदाकाकू ३०२: लॉबीतल्या दोन्ही एरिका पामच्या कुंड्या कोणी नेल्या? सकाळी फिरून आले तर जागेवर नाहीत. फरशीवर ओले गोल तेवढे उरलेत. ज्याने नेल्या त्याने सांगावं. मी कोणाचं नाव घेत नाही.

रोहन ६०४: काकू, "नाव घेत नाही" म्हणजे नाव पक्कं झालंय 😄

मंदाकाकू ३०२: तुझं नाही रे बाबा. लिफ्टमध्ये माती सांडलीय आणि ती चौथ्या मजल्यावर उतरलीय.

वैशाली २०३: चौथ्यावर काल दिवसभर ड्रिल चालू होतं. दुपारी दोन ते चार आवाज नको हा नियम कोणासाठी आहे? फक्त माझ्या मुलांसाठी?

अण्णा (सेक्रेटरी): सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. दुपारची वेळ पाळणे सर्वांना बंधनकारक आहे. तसेच लिफ्टमधून सोफा, कपाट नेताना आतून पुठ्ठा लावावा. आरशाला मोठा चरा पडला आहे.

वैशाली २०३: चरा जुना आहे अण्णा. तुमच्याच पाहुण्यांची ट्रंक होती.

अण्णा (सेक्रेटरी): तो विषय वेगळा.

तात्या ००१: शुभ प्रभात 🌹🌹🌹

रोहन ६०४: तात्या, गुलाब जपून ठेवा. चौथ्या मजल्यावर जातील.

प्रशांत ४०२: नमस्कार मंडळी. कुंड्या माझ्याकडे आहेत, चोरीला गेलेल्या नाहीत 🙏 फोटोग्राफर आला होता, एजंट म्हणाला थोडी हिरवळ हवी. संध्याकाळी खाली आणून ठेवतो. घर विकायला काढलंय हे सगळ्यांना माहीत आहेच.

मंदाकाकू ३०२: विचारायची पद्धत असते. असो. प्रशांत, ३०२च्या बाथरूमच्या छताचं काय?

प्रशांत ४०२: काकू, त्यावर आपण नंतर बोलू. घरी येतो मी.

रोहन ६०४: जाहिरातीतले फोटो बघितले का कोणी? बेडरूम एवढी ऐसपैस की पलंगावर अख्खी कमिटी आडवी होईल. दादा, भिंत पाडलीत की काय?

स्नेहल ५०१: भिंत नाही, लेन्स. १६ मिमीच्या आसपासची रुंद लेन्स लावली की खोली लांबलचक दिसते, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात. उजवीकडची खुर्ची बघा, तिची बसायची जागा बाकासारखी दिसतेय. फोटो बघून येणारा माणूस दारातच खट्टू होतो, "अरे, एवढीशीच?" मग बाकी सगळं चांगलं असलं तरी तो वजाबाकी करत फिरतो. मी असते तर जरा कमी रुंद लेन्स, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि भिंतींच्या रेषा सरळ.

प्रशांत ४०२: स्नेहल, तू आधी का नाही सांगितलंस?

स्नेहल ५०१: तुम्ही विचारलं कधी? इंटिरिअरवालीला सोसायटीत फक्त पडद्याचा रंग विचारतात.

प्रशांत ४०२: आता विचारतो. पार्टी मंगळवारी बघायला येतेय. काय करू?

स्नेहल ५०१: आधी दिवे. हॉलमध्ये एक बल्ब पिवळा, एक पांढरा, किचनमध्ये निळसर ट्यूब. कॅमेरा एकाच रंगाला जुळवून घेतो, दुसरा कोपरा आजारी दिसतो. सगळीकडे एकच छटा लावा, ३००० केल्विनची लावली तर उबदार दिसेल. खिडक्यांच्या काचा धुवा, हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. देवघर, लग्नाचे फोटो, मुलांची पदकं यातलं निम्मं कपाटात. येणाऱ्याला तिथे स्वतःचं सामान मनात मांडता आलं पाहिजे, तुमच्या घराण्याचा इतिहास वाचायला तो आलेला नसतो.

आणि एक. दुसऱ्या फोटोत दाराशेजारी किल्ल्या टांगलेल्या स्पष्ट दिसतात. फोटोवरून किल्ली बनवणारे लोक आहेत. तो फोटो जाहिरातीतून आजच काढून टाका.

अण्णा (सेक्रेटरी): ही बाब गंभीर आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

मंदाकाकू ३०२: छान माहिती. प्रशांत, ३०२च्या बाथरूमच्या छताचं काय?

वैशाली २०३: त्याच फोटोत पॅसेजमधली माझ्या मुलाची सायकल पण आलीय. परवानगी कोणी दिली?

प्रशांत ४०२: वहिनी, सायकल चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये काय करत होती?

वैशाली २०३: खाली जागा कुठे आहे? खाली अण्णांची दुसरी गाडी आहे.

अण्णा (सेक्रेटरी): तो विषय वेगळा.

रोहन ६०४: अण्णांचे वेगळे विषय मोजायला वेगळा ग्रुप काढा 😂

सर १०१: या निमित्ताने थोडी माहिती देतो. विक्रीपूर्वी घर असे मांडून दाखवण्याला इंग्रजीत होम स्टेजिंग म्हणतात. अमेरिकेत बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७२ पासून हा प्रकार रुजवला असे सांगतात. त्या आधी रंगभूमीशी संबंधित होत्या, म्हणून नेपथ्याची दृष्टी. आता गंमत बघा. २०१५ साली लेन आणि दोघे सायलर अशा तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८२० जणांना एकाच घराची पडद्यावर फेरी घडवली. कोणाला सुंदर फर्निचर, कोणाला भिकार, कोणाला रिकामे. भिंती कुठे सौम्य, कुठे जांभळ्या. सजवलेले घर लोकांना राहायला बरे वाटले. पण त्यासाठी ते जास्त पैसे मोजायला तयार झाले असे काही दिसले नाही. उलट "दुसरा कोणीतरी जास्त देईल" असे मात्र त्यांना वाटत होते!

रोहन ६०४: म्हणजे शहाणा मी एकटाच, बाकी सगळे फसणार. सर, ही तर आपली सर्वसाधारण सभा झाली.

स्नेहल ५०१: सर, अभ्यास बरोबर असेल, पण तो पडद्यावरचा होता. पडद्यावर वास येत नाही. प्रत्यक्षात माणूस दार उघडल्या उघडल्या नाकाने ठरवतो.

प्रशांत ४०२: त्याची सोय केलीय. प्रत्येक खोलीत रूम फ्रेशनर आहे.

स्नेहल ५०१: सगळे काढा! फार सुगंध आला की समोरचा विचार करतो, हे काय झाकताहेत. पाहुण्यांचं बाथरूम बंदच असतं ना तुमचं? नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या वाटीतलं, पाणी आटलं असणार. ते पाणी गटारातला वास अडवतं. तांब्याभर पाणी ओता, फ्रेशनरची गरज उरणार नाही.

मंदाकाकू ३०२: बाथरूमचा विषय निघालाच आहे तर. प्रशांत, ३०२च्या बाथरूमच्या छताचं काय?

प्रशांत ४०२: काकू, प्लीज. हा ग्रुप आहे. मी पर्सनलवर लिहितो.

मंदाकाकू ३०२: पर्सनलवर मी पावसाळ्यापासून लिहितेय. दोन निळ्या टिका येतात आणि मग शांतता.

रोहन ६०४: थोडक्यात, कुठेतरी पाणी मुरतंय 🙈

वैशाली २०३: रोहन, प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं नसतं.

इरफान १०३: मंडळी, जरा कामाचं. जाहिरातीतला चौथा फोटो मोठा करून बघा. मास्टर बेडरूमचा कोपरा, बाथरूमला लागून असलेली भिंत. तिथे लॉबीतली कुंडी ठेवलीय, ज्या कुंडीचा कडेचा टवका उडालाय ती. पानांच्या फटीतून स्कर्टिंगच्या वर भिंत बघा. पांढरी बुरशीसारखी पावडर दिसतेय ना? ती बुरशी नाही, क्षार आहेत. ओल प्लास्टरमधून बाहेर येते, पाणी सुकतं आणि क्षार वर राहतात.

मंदाकाकू ३०२: 👏👏👏

वैशाली २०३: अय्या, खरंच की. आणि त्याच भिंतीला नवीन रंग दिसतोय, शेजारच्या भिंतीला जुना.

स्नेहल ५०१: दोन-चार घरं बघून आलेला माणूस हेच शोधतो. चार भिंतींतली एकच ताजी रंगवलेली असेल तर तो हात तिथेच ठेवतो. आणि खोलीत बाकी काही नाही पण नेमक्या कोपऱ्यात भलंमोठं झाड, तर झाड बाजूला करून बघतो.

प्रशांत ४०२: हिरवळ म्हणून ठेवली होती, झाकायला नाही. तुम्ही लोक गुप्तहेर झालात.

मंदाकाकू ३०२: हिरवळ खिडकीत ठेवतात. आता माझं ऐका सगळे. माझ्या छताचे पोपडे अंघोळ करताना डोक्यावर पडतात. बादलीवर झाकण ठेवून मी पाणी भरते. हा घर विकून जाईल. नवीन माणूस म्हणेल मला काय माहीत, मी घेतलं तेव्हा घर चकाचक होतं. मग मी कोणाच्या दारात जाऊ?

प्रशांत ४०२: काकू, मी मागे प्लंबर पाठवला होता. तुम्ही त्याला छत उघडू दिलं नाही. हे पण सांगा ना ग्रुपला.

मंदाकाकू ३०२: माझं छत उघडून काय होणार? गळतं तुझ्या फरशीतून. वरचं सोडून खाली ठोकायचं?

प्रशांत ४०२: तुमच्या आधीच्या मालकांनी तिथे फॉल्स सीलिंगसाठी भोकं पाडली होती. सगळा दोष माझाच का?

मंदाकाकू ३०२: तेव्हा तू इथे राहायला तरी आला होतास का?

अण्णा (सेक्रेटरी): दोन्ही सभासदांनी संयम राखावा.

तात्या ००१: 🙏🌹

वैशाली २०३: माझ्या घरी गळती होती तेव्हा कमिटीने सांगितलं तुमचं तुम्ही बघा. आता बरी सगळ्यांना जाग आली.

*प्रशांत ४०२ ग्रुपमधून बाहेर पडले*

रोहन ६०४: कुंड्या घेऊन गेले 😬

सर १०१: रोहन, पुरे.

*अण्णा (सेक्रेटरी) यांनी प्रशांत ४०२ यांना जोडले*

अण्णा (सेक्रेटरी): प्रशांत, ग्रुप सोडून प्रश्न सुटत नाही. मी फोनवर बोललो तेच इथे लिहितो. घर नीट मांडून दाखवायला कोणाचीच हरकत नाही. जिना झाडून घेऊ, पॅसेज मोकळा करू, ते आपल्या सगळ्यांच्या फायद्याचं आहे. पण गळतीचं लेखी पत्र फाइलमध्ये आहे. उद्या घेणाऱ्याने सोसायटीला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही.

प्रशांत ४०२: मी कधी म्हटलं खोटं सांगा? एजंट म्हणाला आधी टोकन होऊ दे, मग बघू. त्याचं म्हणणं, गळती म्हटलं की पार्टी पळते.

इरफान १०३: गळती कळल्यावर निम्मे लोक पळत नाहीत, भाव पाडतात. आणि ती नंतर कळली तर भांडतात. त्यापेक्षा दुरुस्त करून बिल आणि कामाचे फोटो फाइलला लावून दाखव. घेणारा बिल बघून खूश होतो.

आधी गळती कुठून ते तर कळू दे. काकू, ओल दिवसभर सारखीच असते की अंघोळीनंतर वाढते?

मंदाकाकू ३०२: वरच्यांच्या अंघोळी झाल्या की तासाभरात टिपूस सुरू होतो. ते गावाला गेले होते तेव्हा कोरडं होतं.

इरफान १०३: मग पाणीपुरवठ्याची लाइन नसावी. तिच्यात चोवीस तास दाब असतो, ती सारखी गळली असती. ट्रॅपचा जोड किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, दोनपैकी एक. शनिवारी ट्रॅपला बूच लावू, बाथरूमच्या फरशीवर इंचभर पाणी भरून त्यात रंग टाकू. पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. खाली रंगीत थेंब आला तर फरशी. नाही आला, तर बूच काढून पाणी सोडायचं. तेव्हा आला तर जोड. यात कोणाचंच छत फोडावं लागत नाही.

प्रशांत ४०२: चालेल. पण तोवर आम्ही अंघोळ कुठे करायची?

रोहन ६०४: पाहुण्यांच्या बाथरूममध्ये. ट्रॅपपण भरेल.

मंदाकाकू ३०२: मी शनिवारी घरीच आहे. इरफान, तू वर-खाली दोन्हीकडे ये. कोणा एकाच्या शब्दावर नको.

वैशाली २०३: पॅसेज मोकळा करायचाय म्हणजे फक्त सायकल की पाचव्या मजल्यावरचे चपलांचे रॅक पण?

स्नेहल ५०१: माझा रॅक आतच आहे ताई. बाहेर आहे तो शेजारचा.

अण्णा (सेक्रेटरी): पॅसेजमधील सर्व वस्तू. अपवाद नाही.

वैशाली २०३: आणि खालची दुसरी गाडी?

अण्णा (सेक्रेटरी): 🙏

— रविवार —

इरफान १०३: निकाल. बूच होतं तोवर पातळी हलली नाही, खाली कोरडं. बूच काढलं आणि पंधरा मिनिटांत ३०२च्या छतातून लाल थेंब. फरशी ठीक आहे, ट्रॅप आणि पाइपचा जोड गेलाय. फोटो टाकतोय.

मंदाकाकू ३०२: मी पण बघितलं. लाल म्हणजे चांगलं लाल होतं. प्रशांतने पण बघितलं.

प्रशांत ४०२: बघितलं. बुधवारी जोडाचं काम करून घेतोय, काकूंच्या छताचं प्लास्टर त्यातच. मंगळवारच्या पार्टीला मी स्वतः फोन करून सांगितलं काय आहे ते. म्हणाले, काम झाल्यावर येतो, बिल दाखवा. एजंट मात्र माझ्यावर तापलाय.

सर १०१: तापू दे.

प्रशांत ४०२: स्नेहल, मग बेडरूमच्या त्या भिंतीला लांबी भरून रंग कधी देऊ? की तिथे कपाट सरकवू?

स्नेहल ५०१: काहीच सरकवू नका. पोपडे आणि पावडर ब्रशने खरवडून काढा, भिंत उघडी ठेवा, पंखा लावा. ओलीवर रंग दिलात तर आतली वाफ तो फोडूनच बाहेर येईल. पूर्ण वाळली की प्रायमर. फोटो तोपर्यंत बाकीच्या खोल्यांचे काढू, शनिवारी सकाळी दहाला, तेव्हा हॉलमध्ये ऊन असतं. ट्रायपॉड मी आणते.

मंदाकाकू ३०२: बुधवारी कामगार किती वाजता येणार ते आधी कळवा. बाथरूम मोकळं करून ठेवते.